'फॉरेन' म्हणजे दाराबाहेरचा

'फॉरेन' म्हटले की आपल्याला विमान आठवते. पण या शब्दाच्या मुळाशी आहे साधे दार! लॅटिनमध्ये 'फोरास' म्हणजे दाराबाहेर. तेथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. पोर्तुगीज 'फोरा' (बाहेर) हा त्याचाच भाऊ, आणि आपले 'द्वार'ही त्याच कुळातले. कोकणी 'भायलो' वेगळ्या मुळाचा, पण अर्थ तोच.

इंदूरला परदेशीपुरा नावाची गिरणी कामगारांची जुनी वस्ती आहे. इथला 'परदेशी' म्हणजे गोरा साहेब नव्हे. मराठीतही उत्तरेकडून आलेल्यांना 'परदेशी' म्हणत. पुढे ते आडनावच झाले. गंमत म्हणजे इंदूरचे मराठी लोकही मूळचे बाहेरचेच, अठराव्या शतकात होळकरांच्या मागोमाग माळव्यात गेलेले. तिथली हुकुमचंद मिल १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांना थकलेल्या पैशांसाठी २०२३ अखेरपर्यंत थांबावे लागले. हेही दाराबाहेर उभे राहणेच, पण स्वतःच्याच शहरात.

आपल्याकडे १९६१ पर्यंत बेळगावही कागदोपत्री परदेशच होते. माणसे तीच, नाती तीच. दार तेवढे हलले. तेव्हा कुणाला 'भायलो' म्हणण्यापूर्वी ते दार कुणी बसवले, एवढे तरी पाहावे.