उचल, हजेरी आणि पंगत : चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील शालेय अन्नाचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

शासकीय मराठीत 'उचल' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. वेतनापोटी आगाऊ घेतलेल्या रकमेस उचल म्हणतात आणि गोदामातून मंजूर धान्य हलविण्याच्या क्रियेसही उचल म्हणतात. शालेय अन्नयोजनेच्या पत्रव्यवहारात दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून तांदळाची उचल झाली म्हणजे योजनेचा लाभ पोहोचला, असे गृहीत धरण्याकडे प्रशासनाचा स्वाभाविक कल असतो. परंतु गोदामातील गोणी आणि मुलाच्या ताटातील घास यांमध्ये वाहतूक, साठवण, इंधन, स्वयंपाक, हजेरी आणि वाढप अशा पायऱ्या आहेत. यांपैकी कोणत्या पायऱ्या शासनाने उचलायच्या आणि कोणत्या कुटुंबावर सोपवायच्या, याचे उत्तर गेल्या तीन दशकांत अनेक वेळा बदलले. मोफत अन्नाचा प्रत्यक्ष लाभ किती मुलांनी घेतला, हे मुख्यतः त्या उत्तरावर अवलंबून राहिले आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या संदर्भात हे विधान तपासून पाहणे, हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

हा प्रदेश निवडण्यास कारण आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचा पूर्वभाग वेगळा करून २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८ टक्क्यांहून अधिक होते. दक्षिणेकडील भामरागड, एटापल्ली या तालुक्यांत माडिया गोंडांची वस्ती आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती, कोरपना, राजुरा या भागांत कोलाम राहतात. मराठी व गोंडी–माडिया यांच्या जोडीला सिरोंच्याकडे तेलुगू आणि मुलचेरा परिसरात निर्वासितांच्या वसाहतींमुळे बंगाली ऐकू येते. मुख्य पीक धान. वैनगंगेच्या खोऱ्यातील जुने मालगुजारी तलाव याच पिकासाठी बांधले गेले. भाकरीच्या महाराष्ट्रात तांदळाची योजना काहीशी परकी वाटली असेल. या भाताच्या मुलखात ती तशी नव्हती. म्हणून येथे लाभ कमी-अधिक झाला असेल तर त्याचे कारण धान्याच्या जातीत न शोधता अन्यत्र शोधावे लागते.

२. पूर्वपीठिका : वार, वसतिगृह आणि शाळेतील जेवण

विद्यार्थ्याच्या अन्नाची जबाबदारी समाजाने घेण्याची कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. 'वार लावून जेवणे' आणि 'माधुकरी' हे शब्दप्रयोग तिची साक्ष देतात. मात्र ही सोय जातीच्या मर्यादेत होती आणि घेणाऱ्यास दात्याच्या दारी जावे लागे. ही मर्यादा प्रथम वसतिगृहांच्या चळवळीने ओलांडली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांस आश्रय दिला, तर १९२४ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात भिन्न जातींची मुले एकत्र राहून एकत्र जेवू लागली.

शाळेतच दुपारचे जेवण देण्याचा उपक्रम मात्र मद्रासचा. तेथील नगरपालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातील एका शाळेत तो आरंभिला. पुढे १९५६ च्या सुमारास मुख्यमंत्री कामराज यांनी आणि १ जुलै १९८२ रोजी एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा राज्यव्यापी विस्तार केला. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात वाटलेल्या 'सुकडी'ने शासकीय पूरक आहार खेड्यापाड्यांत परिचित केला होता. परंतु दररोज, प्रत्येक शाळेत, प्रत्येक मुलास अन्न देण्याची कल्पना रुजण्यास आणखी तीन दशके जावी लागली.

३. शिध्याचा काळ : १९९५ ते २००१

प्राथमिक शिक्षणास पोषणसाहाय्य देणारा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केला. शिजविलेले अन्न हे त्याचे उद्दिष्ट होते. पण महाराष्ट्रासह बहुसंख्य राज्यांनी स्वयंपाकाची सोय होईपर्यंत म्हणून कोरडे धान्य वाटण्याचा मार्ग पत्करला. ८० टक्के उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यास दरमहा ३ किलोग्रॅम तांदूळ, असे त्याचे प्रमाण होते.

या व्यवस्थेस लोकांनी 'शिधा' या जुन्या शब्दाच्या चौकटीत पाहावे, हे स्वाभाविक होते. शिधा म्हणजे न शिजविलेले अन्नसाहित्य. ज्याच्या हातचे शिजलेले चालत नाही त्याच्याकडूनही शिधा घेता येतो. जातिव्यवस्थेतील या सोयीमुळेच तो शब्द मराठीत इतका रुळला. शिधा घेणारा आपली चूल वेगळी ठेवतो. शालेय धान्याच्या बाबतीतही तेच झाले. तांदूळ घरी गेला, घरच्या हंडीत मिसळला आणि शाळेत जाणाऱ्या मुलाचा वाटा घरातील सर्वांचा झाला. कुटुंबास त्याचा उपयोग झाला नाही असे नव्हे. परंतु तो मुलाचा आहार न राहता कुटुंबाच्या शिधापत्रिकेतील लहानशी भर ठरला.

हजेरीची अट वनप्रदेशात विशेष जाचक होती. मार्च–एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात व तेव्हाच ती वेचावी लागतात. या कामी मुलांचे हात लागतात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हिवतापाचा प्रादुर्भाव जुनाच. ८० टक्क्यांचा नियम काटेकोर पाळला तर ७९ टक्के उपस्थितीच्या मुलाचे संपूर्ण महिन्याचे धान्य बुडणार. आणि ज्याची उपस्थिती तुटपुंजी, त्यालाच अन्नाची निकड अधिक. शाळेकडे ओढणारे साधन म्हणून योजलेले धान्य हे आधीच शाळेत टिकलेल्या मुलाचे बक्षीस बनले. उचलीचे आकडे या विसंगतीविषयी मौन पाळतात.

४. पंगतीचा काळ : २००१ नंतर

पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या अंतरिम आदेशाने चित्र पालटले. प्रत्येक शासकीय व अनुदानित प्राथमिक शाळेत किमान ३०० उष्मांक व ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजविलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस द्यावे, असे बंधन राज्यांवर आले. त्यानंतर महाराष्ट्रात चूल शाळेच्या आवारात आली. योजनेचे अधिकृत नाव 'शालेय पोषण आहार' असले तरी लोकांनी तिला 'खिचडी' हेच नाव दिले. जे ताटात दिसते त्यालाच लोकभाषा नाव देते. तीन किलो तांदळाच्या काळात योजनेस असे पदार्थनाम लाभले नव्हते, ही गोष्ट सूचक आहे.

हा बदल पोषणापुरता नव्हता. शिध्याची जागा शिजलेल्या अन्नाने घेतली तेव्हा 'कोणाच्या हातचे' हा प्रश्न शाळेच्या अंगणात उभा राहिला. स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती व जमाती यांस प्राधान्य द्यावे, असे न्यायालयाने २० एप्रिल २००४ रोजी बजावले, ते याच जाणिवेने. सर्व मुले एका रांगेत बसून एकच अन्न जेवतात, हा या योजनेचा गाभा होय. मराठीत एकाच पंगतीत वाढताना केलेल्या भेदभावास 'पंक्तिप्रपंच' म्हणतात. इंग्लंडमध्ये १९०६ च्या कायद्यापासून गरजू मुलांना शाळेत अन्न देण्याची तरतूद झाली. परंतु मोफत जेवणारा आणि पैसे देऊन जेवणारा हा भेद राहिल्यामुळे पुढे अनेक गरीब कुटुंबांनी संकोचापोटी हक्क असूनही तो बजावला नाही. भारतात शासकीय व अनुदानित शाळेतील प्रत्येक मूल पात्र ठरविल्याने अर्ज, उत्पन्नाचा दाखला आणि त्यातून येणारी लज्जा यांना जागा उरली नाही. हजेरीची टक्केवारीही संपली; जो त्या दिवशी आला तो त्या दिवशी जेवला.

याचा परिणाम शेजारच्या छत्तीसगडसह राजस्थान व कर्नाटक या राज्यांत ज्याँ द्रेझ व अपराजिता गोयल यांनी २००३ साली केलेल्या पाहणीत दिसून आला. शिजविलेले अन्न सुरू झाल्यानंतरच्या वर्षात पाहिलेल्या शाळांतील पहिलीचा पट सुमारे १५ टक्क्यांनी वाढला होता आणि ही वाढ मुलींच्या बाबतीत अधिक होती. २००६ साली प्राथमिक स्तराचे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढविण्यात आले. २००७ नंतर योजना उच्च प्राथमिक वर्गांपर्यंत गेली व तेथे ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने न्यायालयीन आदेशाचे रूपांतर वैधानिक हक्कात केले. २०१५ च्या नियमांनी धान्य, इंधन वा स्वयंपाकी यांच्या अभावी जेवण न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूद केली. २०२१ पासून योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे झाले.

पंगतीचा भार मात्र प्रामुख्याने गावातील स्त्रियांवर पडला. २५ मुलांपर्यंत एक, १०० पर्यंत दोन असे स्वयंपाक्यांचे प्रमाण आहे. केंद्राने १ डिसेंबर २००९ पासून ठरविलेले मानधन दरमहा १००० रुपये, तेही वर्षातून दहा महिने. जंगलातील लहान शाळेत लाकूडफाटा, पाणी, स्वयंपाक, वाढप आणि भांडी हे सारे एका बाईने करावयाचे असते. ती आजारी पडली की त्या दिवशी पंगत मोडते. उचलीच्या आकड्यात मात्र त्यामुळे तीळमात्र फरक पडत नाही.

५. आश्रमशाळा : अन्नासाठी घर सोडणे

या दोन जिल्ह्यांत शालेय अन्नाचा दुसरा आणि स्वतंत्र प्रवाह म्हणजे आश्रमशाळा. ठक्कर बाप्पांनी १९२२ साली पंचमहालात स्थापलेल्या भिल्ल सेवा मंडळाच्या कार्यातून या कल्पनेस आकार आला. महाराष्ट्र शासनाने १९७२–७३ पासून क्षेत्रविकासाच्या दृष्टीने शासकीय आश्रमशाळांची योजना हाती घेतली. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पाची निवासी शाळा १९७६ ची. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर व चिमूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आज या क्षेत्रातील शासकीय आश्रमशाळांचा कारभार पाहतात.

आश्रमशाळेत लाभाचे प्रमाण कागदोपत्री जवळजवळ पूर्ण असते, कारण मूल तेथेच राहते. तथापि त्याची किंमत वेगळी आहे. जेवण मिळते ते आईची भाषा, घरची जावा आणि रानातील हंगामी भाजी–फळे यांपासून दूर राहण्याच्या मोबदल्यात. रात्रीची राब किंवा पेज, मोहफूल, कंदमुळे यांनी भरणारे पोट हे शासकीय प्रमाणपत्रकात कोठेच बसत नाही. सणास किंवा हंगामास घरी गेलेले मूल परत न आल्यास शिक्षण व अन्न ही दोन्ही एकदम तुटतात. जिल्हा परिषद शाळेतील पंगत मुलास घरचे ठेवून शाळेचे करते. आश्रमशाळा त्यास शाळेचे करण्यासाठी घरापासून वेगळे करते. धोरणकर्त्यांनी या दोहोंस एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे.

रोख रकमेचा पर्यायही याच काळात पुढे आला. आदिवासी वसतिगृहांतील भोजनाऐवजी विद्यार्थ्यांच्या खात्यात रक्कम जमा करण्याच्या धोरणाविरुद्ध जुलै २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. शिजलेल्या अन्नाकडून पुन्हा शिध्याकडे, किंबहुना शिध्याच्याही अलीकडे, नेणारा हा मार्ग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

६. शाळा बंद असते तेव्हा

अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला हक्क 'शाळेच्या सुट्ट्या वगळून' आहे. हे तीन शब्द वनप्रदेशात फार जड पडतात. विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे तेंदू हंगाम संपून पावसाळ्यास तोंड लागेपर्यंतचा काळ पंगतीविना जातो. दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळी सुट्टीतही अन्न द्यावे, असे न्यायालयाने २००४ च्या आदेशातच म्हटले होते. सुट्टी ओलांडण्याचे तत्त्व त्यामुळे नवे नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या तेव्हा शासनाने पुन्हा कोरड्या धान्याचा आश्रय घेतला आणि पंचवीस वर्षांपूर्वीची शिध्याची व्यवस्था तिच्या सर्व मर्यादांसह परत आली.

याहून स्थायी स्वरूपाचा प्रश्न शाळा कायमची बंद होण्याचा आहे. २०१७ च्या अखेरीस अल्प पटाच्या १,३०० हून अधिक शाळा अन्यत्र समायोजित करण्याचा निर्णय राज्यात झाला. २०२३ मध्ये 'समूह शाळां'ची कल्पना पुढे आली. दाट वस्तीच्या प्रदेशात याचा अर्थ थोडी अधिक चाल एवढाच असू शकेल. परंतु जेथे टोला म्हणजे मोजकी घरे आणि दोन टोल्यांमध्ये नाला व जंगल, तेथे पंधरा मुलांची शाळा हीच पंधरा मुलांची पंगत असते. शाळा हलली की स्वयंपाकीण, चूल आणि जेवण ही तिघेही हलतात आणि सहा वर्षांच्या मुलापुढे आश्रमशाळा किंवा काहीच नाही, एवढाच पर्याय उरतो. २०२४ साली राज्याने तांदळाचा पदार्थ, मोड आलेली कडधान्ये व गोड पदार्थ अशी त्रिविध रचना ठरविली आणि २०२५ च्या आरंभी गोड पदार्थ व अंडा पुलाव हे लोकसहभागावर सोडून दिले. ताटात काय असावे याची ही चर्चा महत्त्वाची आहेच. परंतु ताट कोठे असावे हा प्रश्न तिच्या आधीचा आहे.

७. समारोप

वरील इतिहासावरून असे दिसते की, मोफत अन्नाचा लाभ वाढला तो मुख्यत्वे धान्याचे प्रमाण वाढल्याने नव्हे, तर धान्याचा घास करण्याची शेवटची पायरी शासनाने मुलाच्या गावात, मुलाच्या नजरेसमोर स्वतःकडे घेतल्याने. ती पायरी कुटुंबावर ढकलली गेली तेव्हा लाभ पातळ झाला. ती दूरच्या निवासी संस्थेत नेली गेली तेव्हा लाभ पूर्ण दिसला, पण त्याचे मोल मुलाने चुकविले. म्हणून या जिल्ह्यांपुरते तरी लहान शाळेचा खर्च मोजताना तो केवळ शिक्षकाच्या वेतनाचा खर्च समजू नये. तो एका पंगतीचाही खर्च आहे. उचलीच्या तक्त्याशेजारी 'आज किती मुले, किती चालून येऊन, किती दिवस सलग जेवली' हा तक्ता नियमित मांडला गेला, तर पुढील अभ्यासकास गोदामाचा नव्हे, मुलांचा इतिहास लिहिता येईल.