कौटुंबिक छायाचित्र आणि दांपत्याची खुर्ची

मुंबईत छायाचित्रणाचा पद्धतशीर पाया १८५४ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीने घातला. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत, आणि १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये निघालेल्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे शहरात स्वतःचा स्टुडिओ चालविला. त्यामुळे ही विद्या अल्पावधीतच एतद्देशीयांच्या हाती आली आणि सुशिक्षित, सधन घराणी सहकुटुंब स्टुडिओची पायरी चढू लागली.

या चित्रांतील ताठरपणाचे एक कारण तंत्रात आहे. त्या काळी ओल्या काचेची पद्धत रूढ होती. म्हणजे काचेवर कलोडियन हा चिकट द्राव पसरून ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे आणि ती वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन धुवावे लागे. प्रकाश पडण्यास कित्येक सेकंद लागत असल्याने हालचाल झाली की चेहरा पुसट येई, म्हणून हात गुडघ्यांवर टेकविलेले, ओठ मिटलेले आणि मान मागून लोखंडी आधाराने स्थिर केलेली असे. १८८० च्या सुमारास तयार कोरड्या काचा बाजारात आल्या आणि हा काळ पुष्कळ कमी झाला, तरी बसण्याची ढब मात्र टिकून राहिली, कारण तोवर तीच प्रतिष्ठेची खूण ठरली होती.

रंगविलेला पडदा, पायाखाली गालिचा, शेजारच्या तिवईवर पुस्तक किंवा फुलदाणी, पुरुषांच्या डोक्यावर पगडी व खांद्यावर उपरणे, स्त्रियांच्या अंगावर नऊवारी, नथ आणि शाल, अशी ही मांडणी असे. मध्यभागी वडीलधारे, मागे मुलगे, कडेला सुना आणि खाली मुले, या क्रमात घरातील मानपान जसेच्या तसे उतरत असे. केशवपन केलेल्या विधवा, घराचा मोठा भार वाहत असूनही, अशा चित्रांत अनेकदा आढळत नाहीत, किंवा आलवणाचा पदर ओढून टोकाला बसलेल्या दिसतात.

या पार्श्वभूमीवर पतिपत्नी शेजारी-शेजारी बसलेले चित्र विशेष महत्त्वाचे ठरते. एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांदेखत पतीशी बोलणेही सुनेला अमर्याद समजले जाई. पत्नीने शिकावे अशी पतीची इच्छा असली तरी घरातील स्त्रियांचा केवढा रोष तिला सोसावा लागे, हे रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून कळते. अशा घरातील दांपत्याने परक्या छायाचित्रकारासमोर एकत्र बसणे आणि ते चित्र दिवाणखान्यात लावणे, ही वागणुकीत उतरलेली सुधारणा होती. स्त्रीशिक्षण व विवाहवय यांवरील वादांचा इतिहास भाषणांत आणि वृत्तपत्रांत सापडतो. पण त्या वादांतील किती भाग माजघरापर्यंत पोहोचला याचा पुरावा हवा असेल, तर घराण्याची जुनी छायाचित्रे पिढीच्या क्रमाने लावून त्यांत स्त्रीची जागा कशी सरकत गेली हे पाहावे लागते, आणि म्हणूनच ती दस्तऐवजांच्या तोडीने जपली पाहिजेत.