चूल पेटवण्याआधी



गेल्या महिन्यात माहेरचं जुनं घर उतरवायला काढलं. शिरोळ तालुक्यातलं मातीच्या भिंतींचं घर ते, २००५ आणि २०१९ च्या महापुरांत भिजून भिजून खचलेलं. गवंड्यानं स्वयंपाकघराच्या तुळया खाली घेतल्या तेव्हा त्यांवर बोटभर काजळी निघाली. कोरडी नव्हे, डांबरासारखी चिकट. त्या घरात गॅस येऊन चाळीस वर्षं होत आली, तरी ती तिथंच होती. आई म्हणाली, "एवढीच तुझ्या आजीच्या छातीत असणार." आजीनं विडी कधी हातात धरली नव्हती, पण शेवटची दहा वर्षं तिचा खोकला थांबला नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, की राजांच्या लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो, पण आपल्याच स्वयंपाकघरातल्या आगीचा इतिहास कुणी सांगितला नाही. "स्वच्छ ऊर्जा" हा शब्द आता रोज बातम्यांत असतो. त्याची सुरुवात मात्र चुलीपासून होते, म्हणून मीही तिथूनच सुरू करते.

आजीचं जळण म्हणजे शेणी, तुराट्या, उसाचं पाचट आणि बांधावरच्या बाभळीची लाकडं. पावसाळ्याआधी ते सगळं भरून ठेवायचं, कारण ओल्या जळणात किडे होतात. चातुर्मासात तर प्रत्येक काटकी आपटून, शेणी मोडून आत बघून मगच चुलीत घालायची. सकाळी पेटवण्याआधी चुलीचा कोपरा न् कोपरा मऊ कुंच्यानं झाडायचा; रात्रीच्या उबेला मुंग्या, झुरळं, कधी पाल येऊन बसलेली असायची. चुलीवर छताला पांढरं कापड बांधलेलं, वरून काही भांड्यात पडू नये म्हणून. ते कापड महिन्यात काळं होई आणि आजी ते धुऊन परत बांधी. कापड काळं होतंय म्हणजे आपणही काळ्या होतोय, हे कुणाच्या मनात आलं नसेल का? आलं असेल. पण उपाय काय होता?

श्रावकाचारात "पंचसूना" येतात, घरात रोज हिंसा घडते अशा पाच जागा: उखळ, जातं, चूल, पाण्याची घागर आणि केरसुणी. पाचही जागी उभी असते ती बाई. म्हणजे घराच्या आरंभाचा दोष वाटायला घेतला तर बायकांच्या पदरात जास्त, असा हिशेब व्हायचा. लहानपणी मला याचा राग यायचा. आता वाटतं, निदान हिंसा कुठं होते ते नेमकं बोट ठेवून सांगितलंय.

आम्ही दिगंबर, तरी श्वेतांबर परंपरेतल्या भगवतीसूत्रातला एक प्रसंग मला फार आवडतो. कालोदायी नावाचे मुनी भगवान महावीरांना विचारतात, की दोन माणसांपैकी एक आग पेटवतो आणि दुसरा ती विझवतो, तर जास्त कर्मबंध कुणाला? वरवर पाहता विझवणारा अग्निकायिक जीवांना मारतो, म्हणून तो जास्त दोषी वाटेल. उत्तर उलटं येतं. पेटवणाऱ्याच्या हातून पृथ्वी, पाणी, वारा, वनस्पती आणि हलतेचालते त्रस जीव जास्त मरतात, म्हणून दोष त्याला जास्त. म्हणजे आगीचा हिशेब फक्त आगीपाशी करायचा नाही, तिच्याबरोबर काय काय जळतं तेही मोजायचं. हा प्रसंग मनात ठेवा, पुढं लागेल.

त्या "काय काय" मध्ये पेटवणारी स्वतःही असते, हे मोजायला विज्ञानाला बराच वेळ लागला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकानं भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या काही खेड्यांत चुलीपुढं बसलेल्या बायकांच्या अंगावर हवा मोजणारी उपकरणं लावली. तोवर प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि शहरातल्या मोटारी. आकडे आले ते शहरातल्या हवेच्या कितीतरी पट वाईट. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते, की घरातल्या धुरानं २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसं गेली. फुप्फुसाचे विकार, लहान मुलांचा न्यूमोनिया, सगळं त्यात आलं.

बिनधुराच्या चुलीचा विचार मात्र त्याआधीचा. हैदराबादचे एस. पी. राजू यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास धुराडं असलेली चूल बनवली होती. १९८० च्या दशकात सरकारनं देशभर सुधारित चुलींचा कार्यक्रम काढला आणि २००२ च्या सुमारास तो गुंडाळला. आमच्याकडेही एक आली होती. सिमेंटचा पाइप, दोन वैलांची. पहिलं वर्ष छान गेलं. मग धुराडं काजळीनं भरलं; ते साफ कसं करायचं हे कुणी दाखवलं नव्हतं, आणि आजीची मोठी कढई तिच्यावर नीट बसत नव्हती. पुन्हा जुनी चूल लिंपली गेली. ज्या बाईनं वापरायची तिला विचारलंच नाही, की असंच होतं.

मग रॉकेल. पंप मारायचा पितळी स्टोव्ह, त्याची पिन, ती फर्रर्र आवाजाची निळी ज्योत. शहरात नोकरीला गेलेल्या पहिल्या पिढीच्या संसाराचा आवाज तोच. १९७७ मध्ये इंडियन ऑइलनं वातीचा "नूतन" स्टोव्ह आणला, तो कमी रॉकेलवर चाले. पण स्टोव्ह म्हटलं की मला दुसरं काही आठवतं. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रात आठवड्याला एक बातमी असे: "स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली." सासूबाई सहसा भाजत नसत, सासरे कधीच नाही. त्यातले किती अपघात होते आणि किती नव्हते, हे त्या गल्लीतल्या बायकांना ठाऊक असे. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आलं, १९८६ मध्ये हुंडाबळीचं ३०४-ब. इंधनाच्या इतिहासात ही कलमं कुणी लिहीत नाही. मी लिहिते.

गॅस आपल्याकडे मुंबईत १९५० च्या दशकात बर्मा शेलनं आणला. इंडेनचं पहिलं कनेक्शन १९६५ मध्ये कलकत्त्यात दिलं गेलं. आमच्या तालुक्यापर्यंत तो यायला आणखी वीस वर्षं लागली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, खासदारांच्या कोट्यातून कनेक्शन मिळवून देणारा पाहुणा सगळ्यांच्या लाडका! सिलिंडर आला त्या दिवशी आजी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच बसून राहिली. गॅसवरच्या भाकरीनं पोटात वायू धरतो, असं तिचं मत होतं. पण एक गोष्ट तिला पटली. शेगडी पुसली की झालं, आत किडामुंगी लपायला जागा नाही, आणि जळण शोधायचं नाही. "यात जीव कमी मरतात," असं म्हणून तिनं दुसऱ्या महिन्यात स्वतः बटण फिरवलं.

गोबरगॅसचं थोडक्यात सांगते, कारण त्यात आपलं महाराष्ट्राचं नाव आहे. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून गॅस तयार करून वापरला होता. पुढं देहूला डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेली गॅससंयंत्रं घराघरांत उभी केली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आमच्या गल्लीत दोन गोबरगॅस होते. गुरं कमी झाली तसे ते बंद पडले. त्यांच्या टाक्यांत आता झेंडू लावलाय.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ ला आठ कोटीवं कनेक्शन आपल्या औरंगाबादेत दिलं गेलं. ही लहान गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१५-१६ मध्ये देशातली ४३.८ टक्के कुटुंबं स्वच्छ इंधनावर शिजवत होती, २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के. पण उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी चार-साडेचारच सिलिंडर भरले जातात. चौघांच्या घराला सहा-सात तरी लागतात, हे तुम्हीच जाणता. उरलेले महिने चूल. आमच्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या बायकांना मी विचारलं, तर एक म्हणाली, "सिलिंडर हाय की ताई, पावणं आलं की लावतो." जळण फुकट आहे, म्हणजे तिचे श्रम फुकट धरलेत. वर, देशाला लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो. तिकडं आखातात काही बिनसलं की इथं दर हलतो.

आता सगळे इंडक्शनकडे निघालेत. ज्योत नाही, धूर नाही. माझ्याकडेही आहे आणि मला आवडतं. पण इथं कालोदायींचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०२५ च्या मध्यात देशाच्या वीजक्षमतेपैकी निम्मी कोळसा-तेल-गॅस सोडून इतर मार्गांची झाली, ही बातमी खरी. क्षमता म्हणजे मात्र प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा मनाप्रमाणे वाहतो. तयार होणाऱ्या दहा युनिटांतली सातच्या आसपास अजून कोळशाचीच. उपासकदशांगात श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत पहिलीच तीन अंगारकर्म, वनकर्म आणि शकटकर्म, आणि पाचवं स्फोटकर्म म्हणजे जमीन फोडणं. आशाधरांच्या सागारधर्मामृतातही जवळपास तीच यादी आहे. कोळशाच्या खाणीत यातलं काय बाकी राहतं? माझ्या ओट्यावर ज्योत दिसत नाही, कारण ती चंद्रपूरला पेटलेली आहे. तिथल्या बायकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते.

आणि पाण्याची वीज? टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा कमी झाला. पण त्याच मालिकेतल्या मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, माणसं तुरुंगात गेली, धरण झालंच. शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट सौरऊर्जेलाही लागू पडते. राजस्थान-कच्छच्या माळावर पवनचक्क्या आणि सौरपट्ट्यांच्या तारांना धडकून माळढोक मरतात. हा पक्षी आता दीडशेच्या आसपास उरलाय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तारा जमिनीखालून न्या असं सांगितलं. ते सगळीकडे शक्य नाही, असं सरकार म्हणालं, आणि २०२४ मध्ये आदेश सौम्य करून समिती नेमली. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे. तिथं आता तो दिसला तर बातमी होते. मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही, उलट तीच त्यातल्या त्यात कमी हिंसेची वाटते. पण "स्वच्छ" म्हटलं की हिशेब मिटला, असं मला म्हणता येत नाही. आजी काटकी आपटून बघायची, तशी तारही कुणीतरी बघायला हवी.

एक गंमत मात्र लक्षात आली. वीज खात्यांची मोठी अडचण संध्याकाळची आहे. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घराघरांत दिवे, पंखे, शेगड्या सुरू होतात. ती मागणी कोळशावरच भागवावी लागते. आपल्यातली रात्रिभोजनत्यागी घरं दिवस असतानाच शिजवून, जेवून, भांडी घासून मोकळी होतात. म्हणजे छतावर पट्टी असेल तर आपला स्वयंपाक थेट उन्हावर होऊ शकतो, बॅटरीचीही गरज नाही. व्रत घेणाऱ्यांनी हा विचार केला नव्हता, पण जुळतंय खरं.

माहेरी नव्या घराचा नकाशा तयार झालाय. भाऊ छतावर तीन किलोवॅटच्या पट्ट्या लावणार आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, त्याचा अर्ज भरून झाला. वहिनीला इंडक्शन आणि गॅस दोन्ही हवेत, वीज गेली तर म्हणून. मला आंघोळीच्या पाण्यासाठी सौर बंब हवा होता, तो मंजूर झाला. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाली, की मागच्या अंगणात एक चूलही पाहिजे. महाराज गावात आले आणि चौका लावायची वेळ आली तर? भाऊ म्हणाला, "आई, आता गॅसवरही चालतं." दोघांचा वाद अर्धा तास चालला. गवंड्यानं मध्येच विचारलं, की चूल करायची तर धुराडं किती उंच घेऊ? आईनं जुन्या तुळईकडे पाहिलं, ती अजून अंगणात पडली होती, आणि म्हणाली, "छपराच्या वर दोन हात तरी घे. आणि साफ करायला खाली झाकण ठेव."