तत्काळच्या पहिल्या मिनिटात संकेतस्थळ का अडखळते?

रेल्वेच्या वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी १० वाजता आणि बिगर-वातानुकूलित वर्गाचे ११ वाजता खुले होते. त्या क्षणी देशभरातील लाखो प्रवासी एकाच संकेतस्थळाकडे धाव घेतात. काहींना तिकीट मिळते. अनेकांच्या पडद्यावर मात्र चक्र फिरत राहते आणि ते थांबेपर्यंत गाडीपुढे प्रतीक्षायादीचा क्रमांक दिसू लागलेला असतो. ‘सर्व्हर डाउन’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु सर्व्हर बहुतेक वेळा बंद पडलेला नसतो. तो पूर्ण क्षमतेने काम करीत असतो आणि तरीही रांग वाढत असते.

रेल्वे आरक्षणाचे संगणकीकरण १९८५-८६ मध्ये दिल्लीतून सुरू झाले. ही प्रणाली सांभाळणारी ‘क्रिस’ ही संस्था १९८६ मध्ये स्थापन झाली. आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीटविक्री सुरू केली. २०१४ च्या नव्या प्रणालीने मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेली. रेल्वे मंत्रालयाच्या माहितीनुसार २२ मे २०२५ रोजी सकाळी १० वाजता एका मिनिटात ३१,८१४ तिकिटे निघाली. मिनिटाला दीड लाखाहून अधिक तिकिटे आणि ४० लाख चौकशा हाताळणारी नवी प्रणाली उभारण्याची घोषणा मंत्रालयाने त्याच वर्षी जूनमध्ये केली.

आकडे मोठे आहेत. परंतु क्षमता वाढविणे हा उपायाचा एक भाग झाला. दुसरा भाग अंतराचा. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने धावतो. पुण्याहून दिल्लीपर्यंत जाऊन परत येण्यास त्याला किमान सुमारे १२ मिलिसेकंद लागतात आणि वाटेतील यंत्रे, वळणे व मोबाइल मनोरे धरून प्रत्यक्षात त्याच्या कित्येक पट. एक पान उघडण्यासाठी अशा अनेक फेऱ्या होतात: प्रथम पत्ता शोधणे, मग जोडणी, मग सुरक्षित संवादाची बोलणी आणि शेवटी मजकूर. म्हणून चित्रे, मांडणी आणि न बदलणाऱ्या फायलींच्या प्रती निरनिराळ्या शहरांतील सर्व्हरवर ठेवल्या जातात. इंदूरच्या किंवा हैदराबादच्या प्रवाशाला त्या जवळूनच मिळतात. या व्यवस्थेला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क म्हणतात आणि रेल्वेनेही ती स्वीकारली आहे.

मात्र आसनाची प्रत ठेवता येत नाही. २४ क्रमांकाची शायिका एकाच प्रवाशाला मिळायची असेल, तर तिची नोंद एकाच ठिकाणी, एका वेळी एकाच व्यवहाराने बदलली पाहिजे. तेवढ्या क्षणापुरते त्या नोंदीला कुलूप लागते आणि बाकीचे व्यवहार थांबतात. लोकप्रिय गाडीच्या थोड्या जागांसाठी हजारो विनंत्या त्याच कुलपाशी येऊन उभ्या राहतात; तेथे सर्व्हरची संख्या दुप्पट केली तरी फारसा फरक पडत नाही. त्यातच पैसे भरण्याचा टप्पा बँकेच्या यंत्रणेतून पार पडतो आणि तोवर जागा संपलेली असू शकते. पैसे वजा झाले, तिकीट मात्र निघाले नाही, हा मनस्ताप अनेकदा येथूनच उद्भवतो. ती रक्कम परत मिळते. गाडी मात्र निघून जाते.

रांगेचे गणितही सामान्य समजुतीच्या विरुद्ध चालते. विनंत्या अनियमितपणे येत असतील, तर यंत्रणा निम्म्या क्षमतेने वापरात असताना सरासरी प्रतीक्षा एका कामाच्या वेळेइतकी असते. वापर ८० टक्के झाला की ती चौपट आणि ९० टक्क्यांवर नऊपट होते. शेवटच्या काही टक्क्यांतच सारे बिघडते. त्यातच अधीर प्रवासी पान पुन्हा पुन्हा ताजे करतो. त्याची पहिली विनंती आत सुरूच असते आणि दुसरी नव्याने रांगेत लागते. परिणामी उत्तर मिळण्याची शक्यता सर्वांचीच घटते.

यावर अभियंते अनेक मार्ग वापरतात. चौकशी आणि आरक्षण यांचे सर्व्हर वेगळे ठेवणे, काही सेकंद जुनी उपलब्धता दाखविणे, गर्दीच्या वेळी अनावश्यक सोयी तात्पुरत्या बंद करणे, आणि आत घेता येतील तेवढ्यांनाच घेऊन बाकीच्यांना त्यांचा क्रमांक सांगणे. यांपैकी शेवटचा मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. फिरत्या चक्रापेक्षा ‘आपण अमुक क्रमांकावर आहात’ हे उत्तर केव्हाही बरे. कामगिरी मोजतानाही सरासरी फसवी ठरते. शंभरातील ९५ जणांना एका सेकंदात आणि पाच जणांना चाळीस सेकंदांत उत्तर मिळाले, तर सरासरी तीन सेकंदांच्या आतच राहते. त्या पाच जणांचे तिकीट मात्र गेलेले असते. म्हणून सर्वांत मागे राहिलेल्यांचा वेळ वेगळा मोजावा लागतो.

रेल्वेच्या बाबतीत आणखी एक अडचण आढळली. तत्काळ सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांतील लॉगिन-प्रयत्नांपैकी ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न माणसांचे नसून स्वयंचलित प्रोग्रॅमचे असल्याचे मंत्रालयाने जून २०२५ मध्ये सांगितले. असे प्रोग्रॅम ओळखून बाहेरच अडविणारी यंत्रणा बसविण्यात आली आणि अडीच कोटींहून अधिक संशयास्पद खाती बंद करण्यात आली.

वेगाने जागा वाढत नाहीत. एलएचबी शयनयान डब्यात ८० शायिका असतात आणि तत्काळचा वाटा त्यातील काहीच. प्रणाली जितकी वेगवान, तितक्या कमी सेकंदांत तो वाटा संपतो आणि दूरच्या गावातील मंद जोडणी तितकीच महाग पडते. त्यामुळे काही उपाय तंत्राच्या बाहेरचेही करावे लागले. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार-प्रमाणित खाते आवश्यक झाले आणि अधिकृत एजंटांना पहिली ३० मिनिटे तत्काळ आरक्षणाची मनाई करण्यात आली.