पंचाची खूण आणि इंजिनाचा भाव

अमेरिकेत जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीत 'मॅचिंग नंबर्स' हे दोन शब्द परवलीचे झाले आहेत. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्यात जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स होता तेच आजही तिच्यात आहेत, आणि त्यांच्यावर ठोकलेले आकडे चासीच्या नंबराशी जुळतात, असा त्यांचा अर्थ. आकडे जुळले की भाव चढतो. जुळले नाहीत, तर तितकीच उत्तम चालणारी गाडी बरीच स्वस्तात जाते. पण हे आकडे मुळात कोणी, कशासाठी ठोकले हे पाहिले, तर आज त्यांच्यावर टाकलेला भार त्यांना पेलणारा नाही, असे माझे म्हणणे आहे. जुने इंजिन आधी मोजावे आणि वाचावे. पंचाने ठोकलेला नंबर हा अनेक साक्षीदारांपैकी एक. निकाल देण्याचे काम त्याचे नव्हे.

शेव्हरोलेटचे 'स्मॉल ब्लॉक' व्ही-८ इंजिन या चर्चेला सर्वांत सोयीचे, कारण ते अफाट संख्येने बनले. १९५५ साली ते २६५ घनइंची आकारात आले, मागोमाग २८३, ३२७ आणि ३५० ही भावंडे आली. २०११ मध्ये जनरल मोटर्सने दहा कोटीवे स्मॉल ब्लॉक बनवले. या भावंडांचा बाहेरचा आकार आणि गिअरबॉक्स जोडण्याची भोके जवळपास सारखीच ठेवलेली होती. त्यामुळे एक इंजिन उतरवून दुसरे चढवणे कोणत्याही बऱ्या मेस्त्रीला जमत असे, आणि ही अदलाबदल या इंजिनाचा गुण मानली जाई. ब्लॉकवरची अक्षरे कारखान्याच्या हिशेबासाठी होती: जुळणीच्या रांगेत कोणते इंजिन कोणत्या गाडीत जायचे, हे त्यांवरून कळे. चासी नंबराचे शेवटचे आकडे इंजिनावर आणि गिअरबॉक्सवर ठोकायची पद्धत १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली, ती प्रामुख्याने चोरीच्या गाड्यांचा माग काढण्यासाठी. वॉरंटीच्या मुदतीत इंजिन निकामी झाले, तर कंपनी स्वतःच बदली इंजिन देई आणि त्यावर 'सीई' अशी खूण असे. म्हणजे खुद्द उत्पादकाने अधिकृतपणे बसवलेले इंजिनही आजच्या बाजारात 'न जुळणारे' ठरते.

ओळख पटवण्याचे खरे शास्त्र किती बारीक आहे, हे १९६९च्या कॅमारो झी/२८ या गाडीवरून दिसते. ट्रान्स-अ‍ॅम शर्यतींत इंजिनाला ३०५ घनइंचांची मर्यादा होती. म्हणून शेव्हरोलेटने ३२७चा चार इंची बोअर आणि २८३चा तीन इंची स्ट्रोक एकत्र आणून ३०२ घनइंची इंजिन तयार केले. त्यातल्या अनेक ब्लॉकांच्या मागच्या कडेला ३९७००१० हा ओतीव आकडा आहे. पण हाच आकडा ३५०च्या असंख्य ब्लॉकांवरही सापडतो. ओतीव आकडा साचा सांगतो, आतला क्रँकशाफ्ट सांगत नाही. त्यासाठी स्पार्क प्लगच्या भोकातून सळई घालून पिस्टनची धाव मोजावी लागते: ७६ मिलिमीटर भरली तर ३०२, ८८ भरली तर ३५०. मग तारखा पाहायच्या. ब्लॉक ओतल्याची तारीख 'डी २ ९' असेल तर ती २ एप्रिल १९६९. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे असलेल्या पट्टीवर समजा 'व्ही०४१७डीझेड' ठोकले आहे: फ्लिंटचा कारखाना, १७ एप्रिल, झी/२८चे इंजिन. ओतकाम आधी, इंजिनाची जुळणी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, गाडीची जुळणी त्याच्याही नंतर. हा क्रम कुठे उलटा आला, की कोणीतरी खोटे बोलते आहे.

गिअरबॉक्सची गोष्टही अशीच. मन्सी इथल्या कारखान्यात बनलेल्या चार गिअरांच्या पेट्या बाहेरून एकसारख्या दिसतात. १९६६नंतरच्या एम२०चा पहिला गिअर २.५२ गुणोत्तराचा, एम२१ आणि एम२२ यांचा २.२०चा. इनपुट शाफ्टवर दोन खाचा असल्या तर एम२०, एक असली तर एम२१, एकही नसली तर एम२२. एम२२चे दाते अधिक सरळ कापलेले असल्याने तो मोठ्याने गुरगुरतो, आणि त्यावरूनच त्याला 'खडी फोडणारा' असे टोपणनाव पडले. नंबर पुसलेला असला, तरी पहिल्या गिअरमध्ये इनपुट शाफ्ट हाताने फिरवून आउटपुटचा एक फेरा पूर्ण होईपर्यंतचे फेरे मोजले, की गुणोत्तर समजते. शाफ्ट मात्र बदललेला असू शकतो, म्हणून खाचा आणि फेरे यांचा मेळ पाहावा.

यावर आक्षेप असा, की असे निष्कर्ष तज्ज्ञागणिक बदलतील; ठोकलेला नंबर निदान निर्विवाद पुरावा आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ज्या पट्टीवर नंबर असतो, ती ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाचाच भाग. प्रामाणिक मालकाने दुरुस्तीत ब्लॉकचे फेसिंग केले, की नंबर आणि कारखान्यातल्या यंत्राच्या समांतर रेघा दोन्ही घासून जातात. आणि त्याच गुळगुळीत पट्टीवर लबाडाला हवा तो नंबर ठोकता येतो. पिस्टनची धाव आणि ओतकामाची तारीख बनावट करणे त्याहून कितीतरी अवघड. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मूळ जोडी टिकणे दुर्मीळ असते, आणि दुर्मिळतेला भाव असणारच. हे मान्य. पण तो भाव जोडी सिद्ध झाल्याचा असावा, आणि जोडी एका पट्टीवरून सिद्ध होत नाही. शिवाय मूळ जोडीला वरचा भाव दिला, म्हणून योग्य जातीचे आणि योग्य काळातले बदली इंजिन भंगार ठरत नाही.

हा प्रश्न आता आपल्याकडेही आला आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी सुरू झाली, आणि तिच्यात गाडी मूळ स्वरूपात असण्याची, इंजिनात मोठा बदल नसण्याची अट आहे. पण जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून गाड्या जुळवायला सुरुवात केली आणि पुढे स्वातंत्र्यानंतरच्या धोरणामुळे १९५४मध्ये गाशा गुंडाळला. आयात आटली, सुटे भाग मिळेनात, पेट्रोल महागले. म्हणून मेस्त्रींनी जुन्या अमेरिकी गाड्यांत मिळेल ते इंजिन बसवले, कित्येकांत डिझेलचे. अमेरिकी कोष्टकात अशा गाडीला शून्य गुण. इथल्या मोटारींच्या इतिहासात मात्र ते इंजिनच सर्वांत बोलका कागद ठरते. विकणाऱ्याने तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात: इंजिन कोणत्या जातीचे, ते कधी बनले, या गाडीत कधी आले. पहिल्या दोन लोखंडात वाचता येतात. तिसरीसाठी आरसी बुकातली नोंद काढावी लागते.