दुसऱ्या पसंतीचा निकाल

लोकशाहीत ज्याच्या बाजूला जास्त माणसे तो जिंकतो, असे आपण सहज बोलून जातो. पण जास्त म्हणजे किती, आणि कोणापेक्षा जास्त, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. चार उमेदवार उभे राहिले आणि एकाला शंभरातील पस्तीस मते पडली, तर तो निवडून येतो. उरलेल्या पासष्टांनी त्याला नको म्हटले होते, ही गोष्ट निकालाच्या गुलालात झाकून जाते. फ्रान्समध्ये या अडचणीवर असा तोडगा काढला आहे की, पहिल्या फेरीत कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पुढच्या रविवारी मतदारांनी पुन्हा यावे आणि पुढे असलेल्या थोड्या उमेदवारांतून एक निवडावा. आपल्या राज्यघटनेने राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद यांच्या निवडणुकांत तेच काम एकाच मतपत्रिकेवर उरकण्याची सोय केली आहे. मतदाराने १, २, ३ असे पसंतिक्रम लिहायचे. पहिला उमेदवार बाद झाला, तर ती मतपत्रिका दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाते.

ही दुसरी पसंती देशाचा इतिहास कसा फिरवू शकते, हे १९६९ सालच्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत दिसले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत दुसऱ्या पसंतीची मते मोजून निकाल लावावा लागला, असा प्रसंग आपल्याकडे तो एकच. मतदार होते खासदार आणि आमदार. म्हणजे देशातल्या सर्व विधिमंडळांचीच ती परीक्षा होती.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकट गिरी काम पाहू लागले. जुलैमध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या वरिष्ठांनी नीलम संजीव रेड्डी यांचे नाव निश्चित केले. पंतप्रधान इंदिरा गांधी यांना ते मनापासून मान्य नव्हते. तरी रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर सही त्यांचीच. १६ जुलैला त्यांनी मोरारजी देसाई यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले, १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. दुसऱ्या दिवशी गिरी पद सोडून अपक्ष म्हणून रिंगणात होते.

तिसरे उमेदवार आपले चिंतामणराव देशमुख. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्राचे अर्थमंत्री. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ त्यांच्या पाठीशी होते. येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. गिरी हे मूळचे रेल्वे कामगारांचे पुढारी. आयटकचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषविले. १९५४ साली ते केंद्रात मजूरमंत्री असताना बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने झालेल्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. त्या वेळी अर्थमंत्री होते देशमुख. दोन वर्षांनी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनीही मंत्रिपद सोडले. खुर्ची सोडून दाखविलेली ही दोन माणसे १९६९ साली एकाच मतपत्रिकेवर आली.

पहिल्या पसंतीत कोणालाही निम्मी मते मिळणार नाहीत, हे सर्वांनी ओळखले होते. म्हणून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पुढाऱ्यांशी बोलणी केली: तुमची पहिली पसंती देशमुखांना द्या, पण दुसरी रेड्डींना द्या. हिशेब चुकीचा नव्हता. पण त्याच बोलण्यांवर बोट ठेवून इंदिरा गांधींच्या गोटाने विचारले की, विरोधकांशी संधान बांधणाऱ्यांना पक्षशिस्त सांगण्याचा अधिकार काय? प्रत्येकाने सदसद्विवेकाने मत द्यावे, असे त्यांनी आवाहन केले. कम्युनिस्ट आणि द्रमुक हे पक्ष गिरींच्या मागे उभे राहिले.

१६ ऑगस्टला मतदान आणि २० ऑगस्टला मोजणी झाली. प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. महाराष्ट्रातील आमदाराच्या मताचे १४६. त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात, म्हणजे १९९९ साली वेगळा झालेला हिंगोली जिल्हा ज्यात होता त्या जिल्ह्यात, जे आमदार होते त्यांच्या मताचे वजन हेच. एकंदर वैध मते ८,३६,३३७. जिंकण्यास लागणारा कोटा ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मते पडली. कोटा कोणीच गाठला नाही.

मग मागचे उमेदवार एकेक करून बाद करण्यात आले आणि शेवटी देशमुखांचा गठ्ठा उघडला. निजलिंगप्पांचा हिशेब बऱ्याच अंशी खरा ठरला. रेड्डींच्या पदरात ९१,८७९ मते जास्तीची पडली, गिरींच्या पदरात फक्त १८,५६२. पण गिरींना हवी होती १६,६५४. शेवटचा आकडा झाला गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५० मतांचे. तेरा खासदार गिरींकडून रेड्डींकडे वळले असते, तर निकाल उलटला असता. २४ ऑगस्टला गिरींचा शपथविधी झाला. नोव्हेंबरमध्ये काँग्रेस दुभंगली.

आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. दोघांच्या अंतिम मतांची बेरीज केली, तर १०,८३३ मते कमी भरतात. त्या मतपत्रिकांवर या दोघांपैकी कोणाचेही नाव पसंतीत नव्हते, म्हणून त्या वाटेतच थांबल्या. अंतराच्या जवळजवळ तीन चतुर्थांश एवढे हे मूल्य. "मला दोघेही सारखेच" असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण असे म्हणणारा तटस्थ राहत नाही. निवड तो दुसऱ्याच्या हाती सोपवतो.

ही जुनी गोष्ट झाली असे कोणी समजू नये. १० जून २०२२ रोजी महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांची निवडणूक झाली. सहाव्या जागेसाठी संजय पवार यांना पहिल्या पसंतीची ३३ मते होती, धनंजय महाडिक यांना २७. तरी निवडून आले महाडिक; कारण पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते मिळाली होती, आणि कोट्यावरची त्यांची शिल्लक दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे वळली. परभणीचे पदवीधर आणि शिक्षक हीच पद्धत विधान परिषदेसाठी वापरतात. तेथे फुली किंवा बरोबरची खूण चालत नाही, आकडा लिहावा लागतो. आणि १ लिहून पेन खाली ठेवणारे मतदार पुष्कळ असतात. पुढचे आकडे लिहिण्याची सक्ती नाही हे खरे. पण आपला उमेदवार बाद झाला की त्यांचे मत मुके होते.

मी कामगार चळवळीतला माणूस असल्यामुळे हा प्रश्न मला वेगळ्या अंगाने भिडतो. महाराष्ट्राच्या १९७१ सालच्या कायद्याने कारखान्यातील तीस टक्के सभासद असलेल्या संघटनेला मान्यता मिळू शकत असे. तीस जणांनी शंभरांच्या वतीने करार करायचा! २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने एकाच संघटनेला बोलण्याचा अधिकार देताना एक्कावन्न टक्क्यांची अट घातली. तेवढी कोणाकडेच नसतील, तर किमान वीस टक्के असणाऱ्या संघटनांनी मिळून वाटाघाटी करायच्या. त्या संहितेविषयी आमची भांडणे अनेक आहेत, पण हा प्रश्न रास्त आहे. संप पुकारणे सोपे. तो तिसऱ्या आठवड्यात टिकतो, तो ज्यांची पहिली पसंती आपण नव्हतो अशा माणसांच्या जोरावर.

गिरींना रेड्डी व देशमुख यांच्या गोटांतील सर्वांनी आपले म्हटले नव्हते. देशमुखांच्या गठ्ठ्यातील थोडक्यांनी "निदान हे चालतील" असे म्हटले, आणि तेवढे पुरले. आपल्या सभा, सहकारी संस्था आणि संघटना यांत निवडणुका होतात, तेव्हा विरुद्ध बाजूच्या माणसाला आपण निदान चालतो का, हे प्रत्येक उमेदवाराने स्वतःला विचारून पाहावे. ज्याला फक्त आपलीच माणसे मत देतात, त्याला निवडून आल्यावरही फक्त आपल्याच माणसांचे काम करता येते.