'किस्मत'मधील प्रचारगीत : एक ऐतिहासिक साधन
मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा 'किस्मत' हा बोलपट १९४३ सालीं पडद्यावर आला. त्यांतील कवि प्रदीपकृत समूहगीतांत परक्यांस हटण्यास बजावलें असून, नांवें मात्र जर्मन व जपानी यांचींच आहेत. वाच्यार्थानें हा सरकारला मान्य असा युद्धप्रचार होय. त्या आवरणाखालींच तें गीत सेन्सॉरमधून सुटलें. परंतु ८ ऑगस्ट १९४२ चा 'चले जाव' ठराव ताजा होता. प्रेक्षकांनीं व्यंग्यार्थ जाणून 'परका' म्हणजे इंग्रज असेंच ओळखलें. केवळ संहिता पाहणारा संशोधक येथें फसेल. आमच्या मतें प्रचारपट हा घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसून, काय बोलूं दिलें जात होतें याचा पुरावा होय. लोकांनीं काय ऐकलें, तें तत्कालीन वृत्तपत्रें व आठवणी यांवरूनच ताडून पाहावें.